देऊनये

आपाकाकांकडून आलेलं पुडकं मी सोडलं आणि फूल टेबलावर पडलं. चिंचोक्याएवढं, सुकून कागदासारखं झालेलं, पण गळ्याशी तांबडा ठिपका अजून दिसत होता. हालिडे साहेब खिडकीपाशी बसून न्हाव्याकडून दाढी करून घेत होता. त्याचं लक्ष नव्हतं. तेवढ्या वेळात ते फूल मुठीत धरून बाहेर टाकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मी काय केलं? मोठ्याने म्हणालो, "अरे, थांबणी इथं कशी आली?"

मला माहीत आहे हे साहेबाला दाखवायची फार हौस.

साहेब अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उठला. भिंग घेतलं, फूल उलटं केलं, सुलटं केलं. न्हावी बिचारा वस्तरा हातात धरून उभाच. मग साहेबाने कपाटातली तीन जाडजूड पुस्तकं काढली आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी पानं चाळत बसला. शेवटी मला म्हणाला की हे फूल कुठल्याच पुस्तकात नाही.

ही माणसं कोण ते आधी सांगतो. हालिडे साहेब आमच्या कोकणातल्या छावणीचा डॉक्टर. शिपायांचे जुलाब आणि खरूज बघून उरलेला सगळा वेळ तो झाडापाल्यात घालवायचा. कलकत्त्याला एक साहेब, तंजावरकडे एक जर्मन पाद्री, तिकडे विलायतेत एडिंबरोला एक प्रोफेसर, अशा चौघांचा आपसात पत्रव्यवहार. एकाने पान पाठवायचं, दुसऱ्याने त्यावर चार पानं लिहायची, तिसऱ्याने दोघांच्या चुका काढायच्या. मी साहेबाचा कारकून. वय तेवीस. मुंबईत एका प्रभू गृहस्थाकडे राहून इंग्रजी शिकलो होतो आणि त्याचा ताठा अंगात मुरला होता.

आणि आपाकाका. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आईबाप पटकीत गेले तेव्हापासून मला त्यांनीच वाढवलं. छावणीपासून तीन कोसांवर आमचं गाव, तिथे ते वैद्यकी करत. साहेबाला एकदा हगवण लागली. स्वतःच्या बाटल्यांनी काही होईना, तेव्हा मी काकांकडून कुड्याची साल आणून दिली. साहेब चौथ्या दिवशी उठून बसला आणि पहिला प्रश्न काय, तर हे झाड कोणतं. काकांनी पान, फूल, शेंग आणि साल पाठवली, वर दोन बंद भरून पत्र. तिथून जे सुरू झालं त्याला आता दोन वर्षं झाली होती. साहेबाचं पत्र मी मराठीत उतरवायचं, काकांचं मोडी मी इंग्रजीत.

काकांची झाडं पाठवायची तऱ्हा मोठी गमतीची. ते जुनी पंचांगं जपून ठेवत आणि ज्या महिन्यात फूल यायचं त्या महिन्याच्या पानात ते दाबत. साहेबाने ही युक्ती कलकत्त्याला कळवली तेव्हा तिकडून शाबासकी आली. काकाही प्रश्न विचारत. तुमच्या देशी बर्फ पडतो तेव्हा झाडे मरतात की निजतात? साहेबाने त्यावर चार पानं लिहिली. काकांनी ती गावातल्या पारावर वाचून दाखवली. सातासमुद्रापलीकडचा माणूस आपल्याला झाडांचं विचारतो, याचं त्यांना इतकं अप्रूप की साहेबाचं पत्र आलं की काकू म्हणायची, आज हे दोन घास जास्त जेवणार.

काकांनी साहेबाला सगळं दिलं. एक थांबणी सोडून. बाळंतपणात बाईचं रक्त थांबेनासं झालं की काका तिची मुळी उगाळून देत. तेवढ्यासाठी ती. आमच्या गावावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी माळावर, कड्याच्या अगदी टोकाला, चार खाटा मावतील एवढ्या जागेत ती उगवायची. दुसरीकडे कुठे नाही. काका तीन रोपांतलं एक काढत, तेही बी झडल्यावर, आणि काढलं तर पुढची दोन वर्षं तिथल्या मुळीला हात लावत नसत. ते फूल पंचांगात कधीचं राहून गेलं होतं, आणि दुसऱ्याच झाडाबरोबर चुकून पुडक्यात आलं. पान भाद्रपदाचं होतं, म्हणजे केव्हा फुलते तेही साहेबाला आयतंच कळलं.

साहेबाने तिघांना पत्रं धाडली. उत्तरं यायला आषाढ उजाडला. कलकत्त्याचा साहेब म्हणाला की सुक्या फुलावर काही ठरत नाही, जिवंत मुळ्या पाठवा. प्रोफेसराला मुळ्याही हव्या आणि फुलंही. पाद्रीबोवाने मात्र कहरच केला. त्याच्याकडे असल्याच एका फुलाचं चित्र होतं आणि तो ते येत्या जहाजाने छापायला धाडणार होता.

या मंडळींचा रिवाज असा की जो आधी छापील त्याने ठेवलेलं नाव कायम. दुसऱ्याने दहा वर्षं आधी पाहिलेलं असलं तरी त्याला कोणी विचारत नाही. साहेबाची झोप उडाली. येरझारा घालता घालता तो एकदम माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "केसोपंत, या झाडाला मी तुमचं नाव देणार."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याने नीट समजावून सांगितलं. लॅटिनमध्ये दोन नावं असतात, पहिलं कुळाचं, दुसरं आपण देऊ ते. माणसाचंही देतात. त्याने कागदावर लिहून दाखवलं, केसोपंती की असंच काहीसं. मी तो कागद घरी नेला. खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मी ते नाव रद्दी कागदांवर वीसेक वेळा लिहिलं असेल. गावात मला अजून भटाचा पोरका पुतण्या म्हणत. आणि इथे विलायतेतली माणसं पुस्तक उघडून माझं नाव वाचणार होती.

जागा मला ठाऊक होती. लहानपणी काकांबरोबर शंभरदा गेलो होतो. साहेबालाही ते ठाऊक होतं, पण तो पडला सरळ माणूस. म्हणाला, आधी काकांना विचार. ते दोन वर्षं न मागता देत आले आणि हे एकच त्यांनी दिलं नाही, तर त्यात काही कारण असेल. ते नको म्हणाले तर विषय संपला, पाद्रीबोवाला खुशाल छापू दे.

मी पत्र लिहिलं. साहेबाची तळमळ लिहिली, नावाचंही लिहिलं. काकांना माझी किती माया, हे माहीत असूनच लिहिलं. चौथ्या दिवशी गावचा महार उत्तर घेऊन आला. मी ते ओसरीवर उघडलं, वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं. मग आत गेलो.

"काय म्हणतात?" साहेबाने विचारलं.

मी वाचून दाखवलं. साहेबाचं पत्र पाहून संतोष जाहाला. थांबणीविषयी लिहिले ते समजले. ती दुसरीकडे कोठे नाही. आणि शेवटी, "तरी सड्यावर जाऊन मुळ्या साहेबास देऊन ये."

साहेबाला बालबोध लिपी थोडी वाचता यायची, मोडीपुढे त्याने हात टेकले होते. तरी तो माझ्या खांद्यावरून वाकून त्या ओळीकडे बघत राहिला. म्हणाला, "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

भाद्रपदात आम्ही वर गेलो. मी आणि छावणीच्या बागेतले दोन माळी. साहेबाच्या पायाला गळू झालं होतं, म्हणून तो आला नाही. त्याने बजावलं होतं की निम्म्या मुळ्या वाटेत कुजतात, म्हणून लागतात त्याच्या दुप्पट घ्या. कलकत्त्याला, एडिंबरोला, आपल्या बागेला, आणि पाद्रीबोवालाही थोड्या, म्हणजे त्याची खात्री पटेल. पण जागेवर काही रोपं राखा, असंही म्हणाला होता. सगळा कड्याचा काठ फुलला होता. पांढरं फूल, भिजल्या तांदळासारखा वास. माळी खणायला लागले. मुळ्या हाताच्या पेराएवढ्या, त्यातल्या निम्म्या कुदळीने तुटत. तुटलेली जाते म्हणून आणखी एक काढायची. मी म्हणत राहिलो, अजून चार घ्या, अजून चार घ्या. मागे वळून बघितलं तेव्हा राखायला काही उरलंच नव्हतं. सहा-सात रोपं होती, तीही मी घेतली. सडा एवढा मोठा, कुठेतरी असतीलच, असं माळ्यांना म्हणालो.

सड्यावर धनगराचं एकच घर. भागो आणि त्याची बायको जानी. थांबणीची जागा गुरांपासून तेच राखत, काकांनी सांगितलं म्हणून. कुदळीचा आवाज ऐकून जानी आली. पोटुशी होती, चार-पाच महिने झाले असतील. तिने खड्ड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला ती लहानपणापासून ओळखायची.

"आपाभटांनी सांगितलंय व्हय?" तिने विचारलं.

मी बंडीतून काकांचं पत्र काढलं आणि तिच्यासमोर उलगडून धरलं. म्हणालो, "हे बघ, त्यांचं पत्र आहे."

तिला काय वाचता येणार. पण कागद बघितल्यावर ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, मग ठीक. जाताना आम्हा तिघांना ताक प्यायला दिलं.

मुळ्या शेवाळ्यात बांधून, कोळशाची पूड घालून, पत्र्याच्या पेट्यांतून रवाना झाल्या. साहेबाने वर्णन लिहिलं, मी त्याच्या तीन नकला केल्या. तसं सुंदर अक्षर मी पुन्हा कधी काढलं नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी आपाकाका छावणीत आले. एकटे, पायी, अंगावर पंचा. साहेब फेरीला गेला होता. काकांनी ओसरीवर बसायला नकार दिला, पायरीशीच उभे राहिले. मी पाणी आणलं ते घेतलं नाही.

जानी गेली, म्हणाले. दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, पोर मेलेलं निघालं, आणि मग रक्त थांबेना. काकांजवळची उगाळून उगाळून संपत आलेली मुळी सुपारीच्या खांडाएवढी उरली होती, ती त्यांनी दिली. थोडा उतार पडला. सकाळी ते स्वतः कड्यावर गेले, ताजी काढून आणायला. तिथे नुसते खड्डे. एवढा काठ त्यांनी गुडघ्यावर रांगत हाताने उकरला. परत आले तेव्हा भागो दारात बसला होता.

"मी त्याला विचारलं, खणलं कोणी," काका म्हणाले. "तो म्हणाला, तुमचंच पत्र होतं की."

मी पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवला.

"केसो, मी तुला नको म्हणून लिहिलं होतं. पत्र आण."

मी पत्र फाडलं नव्हतं. का फाडलं नव्हतं ते मला आजही सांगता येत नाही. दप्तरातून काढून त्यांच्या हातात दिलं. मोडी म्हणजे सलग ओळ, बोरू उचलायचा नाही आणि शब्द तोडायचा नाही. काकांचं बोट ओळीखालून सरकत सरकत शेवटाला आलं. तिथे त्यांच्या हातचं लिहिलेलं होतं, सड्यावरजाऊनमुळ्यासाहेबासदेऊनये.

"देऊ नये," काका म्हणाले.

"मी देऊन ये वाचलं," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मला वाटतं चांगली जपमाळेची एक फेरी होईल इतका वेळ. मग पुन्हा पत्राकडे बघितलं आणि त्यांचे खांदे उतरले.

"तसंही वाचता येतं खरं," ते म्हणाले. "माझंच चुकलं. एवढी जोखमीची गोष्ट, तोडून लिहायला हवी होती. तू जसं दिसलं तसं वाचलंस."

त्या वेळी पाय धरायला हवे होते. मी म्हणालो काय, तर ऊन आहे, थोडं थांबून जा. ते थांबले नाहीत. तिथून परस्पर सड्यावर गेले आणि भागोला म्हणाले की पत्र मी वाईट लिहिलं, पोराचा त्यात दोष नाही, तुझी बायको माझ्या हातून गेली. हे मला काकूने सांगितलं. भागोने ऐकून घेतलं. त्यानंतर त्या घरातलं कोणी काकांच्या दारी औषधाला आलं नाही, आणि सड्याखालच्या वाडीतल्या बायकाही बाळंतपणाला दुसरा वैद्य बघू लागल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. कलकत्त्याच्या मुळ्या पोचेपर्यंत कुजल्या. एडिंबरोच्या पेटीत समुद्राचं पाणी शिरलं. आमच्या बागेतल्या पुढच्या पावसात गेल्या, त्यांना सड्याची मुरमाड जमीन हवी होती. पाद्रीबोवाचं चित्र दुसऱ्याच झाडाचं निघालं, म्हणजे घाई करायचं काही कारणच नव्हतं. साहेबाने दिलेला शब्द पाळला. दोन वर्षांनी छापील पान आलं, त्यावर माझं नाव होतं, खाली साहेबाने काढलेलं फुलाचं चित्र, आणि लिहिलेलं की हे झाड कोकणात सापडते. साहेबाला मी जानीचं कधी सांगितलं नाही. तो विचारायचा, तुमच्या काकांची पत्रं हल्ली आखूड का येतात. मी म्हणायचो, वय झालं.

पत्रं येत होती. त्या दुपारनंतरचं पहिलं पत्र पंधरा दिवसांनी आलं आणि ते उघडून मी बसूनच राहिलो. काकांनी प्रत्येक शब्द तोडून लिहिला होता. मोडीत असं कोणी लिहीत नाही. पानावर एकेक शीत वेगळं मांडावं तसे ते शब्द दिसत. आणि हे एका पत्रापुरतं नव्हतं. अकरा वर्षं ते मला तसंच लिहीत राहिले. काकूचं दुखणं, आंब्याचा मोहोर, माझ्या मुलाची मुंज, सगळं तोडून तोडून. पुढे मी कलेक्टर कचेरीत लागलो, तिथले कारकून पत्र बघून हसायचे. तुमच्या काकांना लिहिताना दम लागतो का हो, म्हणायचे. मीही हसायचो. छापील पानाचं मी कळवलं तेव्हा त्यांचं उत्तर आलं, तुझे नाव पाहून संतोष जाहाला. पाच शब्द, पाचही वेगळे. त्यांनी गावात साखर वाटली म्हणे.

मी ती पत्रं वाचायचो आणि मनात म्हणायचो, बिचारे काका. माझ्या खोटेपणाची शिक्षा स्वतःला लावून घेतायत, आणि त्यांना पत्ता नाही. अपराधी वाटायचं, फार वाटायचं. पण त्यांना काही कळलेलं नाही, याचा कुठेतरी आधारही वाटायचा. इतका मी नीच होतो.

कारण खरं काय ते आता सांगतो. ओसरीवर पत्र उघडलं तेव्हा मी पहिल्यांदा देऊ नये असंच वाचलं. दुसरं काही वाचताच येत नव्हतं. घडी केली, आत जायला निघालो, आणि डोळ्यांपुढे ते केसोपंती आलं. म्हणून पुन्हा उघडलं. दुसरा अर्थ मला त्या ओळीतून उकरून काढावा लागला.

आणि उकरून काढलेला तो अर्थ निव्वळ खोटा होता. पत्रात वडील माणूस धाकट्याला ये असं लिहीत नाही. येणे लिहितो. करणे, पाठवणे, कळवणे, देऊन येणे. मोडी गिरवणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. साहेबाला ते माहीत असायचं कारण नव्हतं, जानीला तर नाहीच. मी कारकून होतो. कागदपत्रांवर पोट भरत होतो.

अकराव्या वर्षी, पौषात, काकांचं शेवटचं पत्र आलं. अक्षर पार थरथरलेलं. चिरंजीव केसो यास आशीर्वाद. प्रकृती क्षीण जाहाली. एकवार भेटीस येणे.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, आणि येणे या शब्दावर नजर थांबली. पत्रात येणे लिहावे, ये लिहू नये, हे मला शिकवलं कोणी? सातव्या वर्षी, पाटीवर, माझा हात हातात धरून? ज्या माणसाने शिकवलं त्याला त्या दुपारी पायरीशी उभं राहून ते आठवलं नसेल? देऊन ये वाचलं, असं मी म्हणालो त्या क्षणीच त्यांना सगळं कळलं होतं. कळलं म्हणून तर ते माझ्या तोंडाकडे इतका वेळ बघत होते. मी खरं बोलतो का, याची वाट बघत होते. नाही बोललो. तेव्हा त्यांनी माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं, सड्यावर जाऊन धनगरापुढे मान खाली घातली, आणि अकरा वर्षं एकेक शब्द तोडून मला लिहिलं.

आणि आता बोलावत होते. मला वाटतं, मी एकदा सांगावं म्हणून. दुसरं त्यांना माझ्याकडून काय हवं असणार.

कचेरीतून सुट्टी मिळाली असती. बैलगाडी दारात होती. बायकोने दशम्या बांधायला घेतल्या होत्या. मी तिला थांबवलं आणि काकांना उत्तर लिहिलं की सध्या कामाची गर्दी फार आहे, संक्रांत झाली की येतो. माणूस उत्तर घेऊन गेला. चौथ्या दिवशी काकूचा निरोप आला की काका गेले. तुमचं पत्र त्यांनी स्वतः वाचलं, असं सांगत होता तो माणूस. वाचून बाजूला ठेवलं आणि कुशीवर वळले.

त्यांचं पत्र माझ्यापाशी आहे. एकवार, मग मोकळी जागा. भेटीस, मग मोकळी जागा. येणे. त्यातून दुसरा अर्थ काढायला त्यांनी कुठे वावच ठेवला नव्हता. मी गेलो नाही.